बापाचा रंधा, लेकराचे गणित

नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि वसई पूर्वेच्या वस्त्यांत हल्ली एक हट्ट ऐकू येतो. दहावी-बारावीतले लेकरू म्हणते, 'मला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे.' आई म्हणते, 'आधी मार्क आण.' वडील किंमत विचारतात आणि गप्प बसतात. विषय तेथेच संपतो. आज या हट्टाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू या. गिटार विकत न घेता ती घरी बनवता येते का? वाचकहो, येते. आणि ती बनवण्यासाठी लागणारे निम्मे ज्ञान आपल्यापैकी अनेकांच्या घरात आधीच आहे, ते फक्त खाटेखालच्या हत्यारांच्या पेटीत पडून आहे.

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की परदेशी, महागडे, मोठ्या कारखान्यात तयार होणारे काहीतरी डोळ्यांसमोर येते. पण या वस्तूची फोड केली तर हाती काय लागते? लाकडाची जाड फळी, लाकडाचीच लांब मान, पोलादाच्या सहा तारा, थोडे लोहचुंबक, केसाइतकी बारीक तांब्याची तार, आवाज कमी-जास्त करायची दोन-तीन बटणे आणि वरून रंग. म्हणजेच सुतारकाम, वायरिंग आणि पॉलिशकाम. या तीन कामांवर आपल्या भागातील किती घरांची चूल पेटते, हे वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत जाणाऱ्यांना आणि पहाटेची विरार लोकल पकडून मुंबईत फर्निचरच्या साइटवर जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

फळी बोलते कशी?

साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तार छेडली की ती पोकळी आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तारांच्या खाली लोहचुंबक बसवलेले असते आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घातलेले असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते आणि त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वायरने अँप्लिफायरमध्ये जाते, तेथे मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बनून बाहेर पडते. म्हणूनच या गिटारीला नायलॉनच्या तारा लावून उपयोग नाही. चुंबकाला ओळख फक्त लोखंड-पोलादाची.

चुंबकाजवळ हालचाल झाली की तारेत वीज निर्माण होते, हा शोध मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये लावला. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम झालेली. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता शास्त्रज्ञ झाले. आज घरातला पंखा, पाण्याची मोटर आणि आपल्या पोराच्या स्वप्नातली गिटार ही सारी त्या लोहाराच्या मुलाच्या शोधावर चालतात.

पहिली बाजारात आलेली इलेक्ट्रिक गिटार 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची. अमेरिकेत जॉर्ज बोशँप यांनी ती रचली, रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ती तयार झाली, आणि तिच्या आकारावरून लोक तिला 'तवा' म्हणू लागले. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही हवाईयन धाटणीची गिटार होती. पुढे आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांनी विजेच्या गिटारवर हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या धून वाजवल्या आणि त्या रेडिओवरून घरोघरी पोहोचल्या.

भरीव फळीची गिटार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती लिओ फेंडर यांनी. हा गृहस्थ मूळचा हिशेबनीस. नोकरी गेल्यावर 1938 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले. दुकानात वादक आपली यंत्रे दुरुस्तीला आणत, तक्रारी सांगत, आणि हा ऐकून घेई. त्यातून 1950 मध्ये त्याची भरीव गिटार निघाली आणि 1954 मध्ये जगप्रसिद्ध 'स्ट्रॅटोकास्टर'. मान आणि अंग जोडायला त्याने अवघड सांधा न करता सरळ चार स्क्रू मारले. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचेच हे डोके! गंमत अशी की फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाद्य घडवायला वादकच असावे लागते असे नाही. ऐकून घेणारा कान आणि मापाला पक्का हात असला तरी चालते.

आपल्या गल्लीतला भाऊबंद

कोणी म्हणेल, ही सारी अमेरिकेची गोष्ट झाली. मग आपल्या गल्लीतल्या बेंजोकडे पाहा. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत, हळदीत, गणपतीत जो बेंजो वाजतो, तो इलेक्ट्रिक गिटारीचा सख्खा चुलतभाऊच आहे. या वाद्याचे मूळ नाव बुलबुल तरंग. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या 'तैशोगोतो' या वाद्याचे ते भारतीय रूप. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि तारा छेडायच्या. मुंबईच्या कष्टकरी वस्त्यांनी त्याला पिकअप बसवला, गाडीवर भोंगे चढवले आणि घरगुती वाद्याला रस्त्याचा आवाज दिला. दिग्दर्शक रवी जाधव यांनी 2016 मध्ये याच वादकांवर 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला. ज्या पोरांनी बेंजोची तुटलेली वायर ऐन मिरवणुकीत कथील लावून जोडली आहे, त्यांना गिटारीचे वायरिंग परके वाटण्याचे कारण नाही.

आणि एक हत्यार धरणारा हात वाद्याकडे कसा वळतो, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचा काळ सरला तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. पंढरपूर भागातला भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत यांतून मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर गेला. 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बदलला, पण हातातले कसब वाया गेले नाही.

आईची बटणे, मोटारसायकलच्या स्प्रिंगा

आता मुख्य गोष्ट. 1963 साली लंडनजवळच्या फेल्टम या उपनगरात ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा राहत होता. त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती आणि घरात ती घेण्याइतके पैसे नव्हते. वडील हॅरॉल्ड हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि नकाशे काढण्यात तरबेज. बाप-लेकांनी ठरवले, आपणच करू.

मान केली जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून. तिला किडीची भोके होती, ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले. मानेवरच्या खुणांचे पांढरे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. तारांचा ताण सांभाळायला जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. हाताने हलवायच्या दांड्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. पिकअपही आधी त्यांनी घरीच केले, पण ते मनासारखे होईनात म्हणून नंतर विकत आणले. सुमारे दोन वर्षे हे काम चालले.

'रेड स्पेशल' नावाची ही गिटार घेऊन ब्रायन मे 'क्वीन' या बँडमधून जगभर वाजले. 2002 मध्ये लंडनच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी वाजवली ती हीच घरची गिटार. या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, हे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले आणि तेथेच 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागले. बलसारा हे आडनाव बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आपल्या विरारवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या त्याच वलसाडवरून जातात.

या गोष्टीचा पुढचा भाग आईवडिलांनी जास्त लक्ष देऊन वाचावा. ब्रायन मे खगोलशास्त्रात संशोधन करीत होते. बँडसाठी त्यांनी ते अर्धवट सोडले आणि ज्या बापाने गिटार करून दिली तोच बाप नाराज झाला. इतके शिकवले ते यासाठी का, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहात मुलाचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांचा राग निवळला. पण गोष्ट तेथेही संपत नाही. जगभर नाव झाल्यावर, साठी गाठता गाठता, ब्रायन मे पुन्हा अभ्यासाला बसले आणि 2007 मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. छंद आणि शिक्षण या सवती नाहीत. मात्र अर्धे सोडलेले शिक्षण पुरे करायला त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लागला, हेही लेकरांनी लक्षात ठेवावे. सगळ्यांना अशी दुसरी संधी मिळत नाही.

काम कोठून सुरू करावे?

पहिले लाकूड. आपल्याकडे जुने सागवान उत्तम. मुंबईतल्या जुन्या चाळी पाडल्या जातात तेव्हा त्यांच्या दारा-खिडक्यांच्या चौकटी भंगारात येतात. तीस-चाळीस वर्षे सुकलेले ते लाकूड नव्या ओल्या लाकडापेक्षा भरवशाचे. खिळे मात्र शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच समजा. सागात तेल असते म्हणून गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्यावा. बोटे फिरतात त्या पट्टीसाठी शिसव चांगले. आपल्या सह्याद्रीत वाढणारे हे झाड जगभरच्या गिटारींच्या मानेवर आहे. या जातीच्या लाकडाच्या जागतिक व्यापारावर 2017 पासून कडक नियम आले, 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणून शिसवीचा तुकडा जपून वापरावा.

सहा तारांचा मिळून ताण साधारण 45 किलो असतो. जवळजवळ सिमेंटच्या गोणीएवढे वजन त्या मानेला रात्रंदिवस ओढत असते. म्हणून मानेच्या आत पोलादी सळई बसवतात. ही सळई, पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कड्या म्हणजे फ्रेट, तारा पिळायच्या खुंट्या आणि पहिल्या वेळी तरी पिकअप, एवढ्या वस्तू विकतच घ्याव्या लागतात. वाद्यांची दुकाने मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावला आणि बटणे, वायर, जॅक ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला मिळतात.

दुसरे गणित. येथे लेकराची पाळी येते. फ्रेट कोठे बसवायच्या हे अंदाजाने ठरत नाही. मानेच्या टोकाच्या खाचेपासून खालच्या घोडीपर्यंतच्या मोकळ्या तारेची लांबी मोजा. समजा ती 648 मिलिमीटर आहे. तिला 17.817 ने भागा. उत्तर आले 36.4. पहिली फ्रेट टोकापासून 36.4 मिलिमीटरवर. आता उरलेल्या 611.6 ला पुन्हा 17.817 ने भागा. उत्तर 34.3. दुसरी फ्रेट पहिलीपासून तेवढ्या अंतरावर. असे करीत गेले की बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, 324 मिलिमीटरवर येते. आली नाही तर कोठेतरी चुकले आहे. एक सप्तक वर जायला बारा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला तेच गुणोत्तर, हे शाळेतल्या भूमिती श्रेणीचेच गणित आहे. 'याचा पुढे काय उपयोग?' असे विचारणाऱ्या पोराला हे करायला द्यावे. प्रत्यक्ष खुणा करताना मात्र सगळी मापे टोकापासूनच घ्यावीत, म्हणजे बारीक चुका साठत जात नाहीत. दाराच्या फळीत दोन मिलिमीटरचा फरक रंधा मारून निभावतो. येथे निभावत नाही, वाद्य बेसूर होते.

रंगाला घाई चालत नाही

तिसरे पॉलिश. येथे आपल्या पेंटर बांधवांनी मनगटाची करामत दाखवावी. अमेरिकेत फेंडरच्या गिटारींना मोटारींचेच ड्युको रंग लावले जात. म्हणजे गॅरेजमधला रंगारी आणि गिटारीचा रंगारी यांत अंतर नाही.

आधी काचकागद, 120 पासून 320 नंबरापर्यंत, नेहमी रेषेच्या दिशेने. मधेच ओले फडके फिरवावे, उभे राहिलेले तंतू सुकल्यावर पुन्हा घासावेत. सागाची छिद्रे उघडी असतात, ती फिलरने भरावीत. मग सीलर, मग रंग, मग पारदर्शक लॅकरचे पातळ हात. एका जाड हातापेक्षा आठ पातळ हात बरे. त्यानंतर सर्वांत अवघड काम, म्हणजे थांबणे. लॅकर वरून तासाभरात सुकल्यासारखे दिसते, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. ते झाल्यावर पाणीपेपरने 800 पासून 2000 नंबरापर्यंत घासून रबिंग कंपाउंड मारावे, म्हणजे आरशासारखी झळाळी येते.

वसई-विरारची हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात लॅकर मारले तर वर दुधासारखा पांढरा थर येतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, हे त्याचे कारण. म्हणून लाकूडकाम पावसाळ्यात आटोपावे आणि रंगाला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस पाहावेत.

एका खोलीच्या घरात मात्र लॅकर मारूच नये. थिनरची वाफ लहान मुलांच्या छातीला वाईट आणि स्टोव्ह-गॅसच्या जवळ ती भडकते. गच्चीवर, उघड्यावर, तोंडाला चांगला मास्क लावूनच हे काम करावे. ती सोय नसेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हाताने फ्रेंच पॉलिश करावे. वास कमी, खर्च कमी, झळाळी सुंदर. घामा-पाण्याचे डाग त्यावर पडतात, पण पुन्हा बोळा फिरवला की जातात. स्पिरिटही पेट घेते, म्हणून चूल मात्र बंद ठेवावी.

अर्थिंगचा प्रश्न जिवाचा आहे

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा आतून अर्थच्या वायरला जोडलेल्या असतात. त्याने घरगुती विजेची 50 सायकलची घरघर कमी होते. पण ज्या अँप्लिफायरला त्या जोडल्या, त्याचेच अर्थिंग नसेल आणि त्यात बिघाड असेल, तर तारांत करंट उतरू शकतो. 3 मे 1972 रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेला. गिटार हातात असताना त्याने माइकला हात लावला होता. आपल्याकडे जनरेटरवर, आकड्यावर, दोन पिनांच्या प्लगवर सारे चालते. बेंजो पार्टीच्या पोरांनीही हे वाचावे. तीन पिनांचा प्लग, खरे अर्थिंग आणि बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, एवढ्याशिवाय तारेला हात लावू नये. अँप्लिफायर उघडणे तर जाणकाराचेच काम, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते.

हाताला डोके, डोक्याला हात

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. एकाने आयुष्यभर रंधा मारायचा, दुसऱ्याने मोजमाप सांगायचे, तिसऱ्याने मंचावर वाजवून टाळ्या घ्यायच्या, आणि खालच्याने वर जायचे नाही. घरी केलेली एक गिटार ही वाटणी आपल्यापुरती मोडते. जो कापतो तोच मोजतो, तोच रंगवतो, तोच वाजवतो. बाबासाहेबांना स्वतःला व्हायोलिनची आवड होती आणि उतारवयात ते त्यांनी शिकायला घेतले होते. एवढा ग्रंथांत बुडालेला माणूस वाद्यासाठी वेळ काढतो, याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा.

आज कित्येक घरांत शिकणाऱ्या मुलाला वडिलांच्या हत्यारांची लाज वाटते. कॉलेजच्या मित्रांना तो 'वडील फर्निचरचे काम करतात' एवढेही धड सांगत नाही. आणि वडिलांना वाटते, आपल्याला त्याच्या अभ्यासातले काय कळते? दोघे एकाच खोलीत झोपतात, पण बोलणे होत नाही. अशा घरात चार महिने रविवारी दुपारी एक फळी मधे ठेवून पाहा. रंधा कसा धरायचा हे बाप सांगेल, 17.817 चा भागाकार लेक करेल, वेढे मोजायला धाकटी बसेल आणि बटणांचा डबा आई काढून देईल. गिटार पहिल्या खेपेला साधारणच होईल. मान जराशी वाकेल, रंगाला एखादा ओघळ राहील. बिघडू द्या. दुसरी बरी होते.

परीक्षेचे महिने मात्र सोडून द्यावेत. मार्चमध्ये हत्यारे पेटीत आणि पुस्तके बाहेर. लॅकर सुकायला नाहीतरी वेळ लागतोच.